आगटे बाई आणि मागची चाकं

कर्वेनगरच्या सोसायटीत मी राहायला आलो तेव्हा माझ्याकडे नवं लग्न, नवं कर्ज आणि नवी गाडी अशा तीन गोष्टी होत्या, आणि त्यांतली एकही मला नीट चालवता येत नव्हती. पहिल्याच रविवारी पार्किंगमधल्या दोन खांबांच्या मध्ये मी गाडी तिरकी अडकवून ठेवली. पुढे जावं तर कुणाची तरी स्कूटर, मागे जावं तर खांब. घामानं शर्ट पाठीला चिकटला होता. तेवढ्यात काचेवर टकटक झाली.

बाहेर पन्नाशी ओलांडलेल्या, उंच, शिडशिडीत बाई उभ्या होत्या. सुती साडी, पायात कॅनव्हासचे बूट आणि हातात टायरची हवा मोजायचं मीटर.

"गाडी आत घेताय की बाहेर काढताय?" त्यांनी विचारलं. "तुमच्याकडे बघून कळत नाहीये. तुम्हालाही कळत नसावं."

"आत घेतोय," मी म्हणालो.

"मग आधी तुम्ही बाहेर या."

मला वाटलं, आता या स्वतः बसून गाडी लावून देतील. तसं काही झालं नाही. त्यांनी मला माझ्याच गाडीभोवती एक फेरी मारायला लावली, खांब आणि बंपर यांच्यामधलं अंतर वितीनं मोजायला लावलं आणि मग म्हणाल्या, "आता बसा. जागा भरपूर आहे. कमी आहे ती हिंमत." दोन प्रयत्नांत गाडी जागेवर गेली. त्यांनी शाबासकी दिली नाही. नाव विचारलं.

"नीलेश वानखडे. अकोल्याचा."

"बरं, वानखडे, तुमच्या डाव्या मागच्या चाकात हवा कमी आहे," असं म्हणून त्या पुढच्या गाडीकडे वळल्या.

या मालती आगटे. पिंपरीतल्या एका कारखान्यात तपासणी विभागात त्यांनी उमेदीची सगळी वर्षं काढली होती. मशीनवरून उतरलेला सुटा भाग मापात आहे की नाही हे बघायचं आणि नसेल तर बाजूला काढायचं, हे त्यांचं काम. त्या खात्यात त्या एकट्याच बाई होत्या. सगळ्यांना आडनावानं हाक मारायची सवय तिथलीच. घरी नवऱ्यालाही त्या "अहो आगटे" म्हणत. टपाल खात्यातून निवृत्त झालेले, मऊ आवाजाचे हे गृहस्थ आम्हा सगळ्यांचे नाना. त्यांना गाडी चालवता येत नव्हती आणि शिकायचीही नव्हती. बायकोच्या शेजारच्या सीटवर ते पट्टा बांधून बसत आणि गाडी सुरू झाली की डोळे मिटत. "झोपता का हो?" असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "नाही. तिला मधेमधे सूचना द्याव्याशा वाटू नयेत, म्हणून बघतच नाही."

बाईंनी नोकरी कशी सोडली, ती हकिकतही मला नानांनीच सांगितली. नव्वद सालानंतर कारखान्याचा एका परदेशी कंपनीशी करार झाला आणि मोजमाप करणारं नवं यंत्र आलं. युनियनचं म्हणणं, हे यंत्र चुका करतं. साहेबांचं म्हणणं, माणसं चुका करतात. शेवटी दोघांनाही मान्य होईल असं एकच नाव निघालं. यंत्र भरवशाचं आहे की नाही, हे आगटे बाईंनी सांगायचं. महिनाभर बाई तोच माल आधी स्वतः मोजत, मग यंत्राकडून मोजून घेत. खात्यातले लोक जेवणाच्या सुट्टीत येऊन सांगत, बाई, जरा आपल्या पोटाकडे बघा. महिना संपल्यावर त्यांनी सगळ्यांसमोर उभं राहून सांगितलं, "यंत्र बरोबर मोजतं. माझ्यापेक्षा बरं मोजतं. सकाळी मोजतं तसंच संध्याकाळी मोजतं. माझं संध्याकाळचं मोजमाप सकाळइतकं चांगलं नसतं, हे मला या महिन्यात कळलं." त्यानंतर स्वेच्छानिवृत्तीच्या यादीत पहिलं नाव त्यांनी स्वतःचं घातलं. काही लोक पुढे कित्येक वर्षं त्यांच्याशी बोलत नव्हते. बाईंनी मिळालेल्या पैशांतून एक पांढरी छोटी गाडी घेतली आणि बावन्नाव्या वर्षी ती चालवायला शिकल्या.

आमच्या सोसायटीत तोपर्यंत गाड्या कमी आणि लुना फार होत्या. मग हिंजवडीचं आयटी पार्क सुरू झालं. जिन्याजिन्यातून कुणाची ना कुणाची मुलं तिकडे नोकरीला लागली, भाड्यानं राहायला आमच्यासारखी बाहेरगावची माणसं आली, बँका गाडीसाठी दारात येऊन कर्ज देऊ लागल्या. पार्किंगमध्ये पिवळ्या रंगानं नंबर पडले आणि त्यांवरून भांडणंही. या सगळ्या नव्या गाडीवाल्यांना गाडीतलं काही कळत नव्हतं, आणि बाईंना ते बघवत नव्हतं. सकाळी दूध घेऊन झालं की त्या मीटर हातात घेऊन पार्किंगमध्ये फिरत. दुसरं कुणी "तुमच्या मुलाला खोकला झालाय वाटतं" म्हणावं, त्या सुरात त्या दारावर येऊन सांगत, "वानखडे, तुमच्या गाडीचं पुढचं चाक एका बाजूनं झिजतंय. अलाइनमेंट करून घ्या." माझी बायको स्मिता सुरुवातीला दचकायची. पुढेपुढे सकाळी बेल वाजली की आतूनच विचारायची, "बाई, कुठलं चाक?"

मुलींना त्या फुकट शिकवत. आमच्या वरच्या मजल्यावर चारजणी मिळून राहत, सगळ्या हिंजवडीत कामाला. त्यांतली प्राची साळवी ही चिपळूणची मुलगी बाईंची सगळ्यांत लाडकी. तिनं हौसेनं सेकंडहँड गाडी घेतली, तेव्हा बाईंनी तिला आठवडाभर स्टिअरिंगला हात लावू दिला नाही. फक्त चाक बदलायला लावलं. जॅक लाव, नट सोड, चाक काढ, परत बसव.

"बाई, हे पंक्चरवाला करतो ना," प्राची म्हणाली.

"हो. तो ताम्हिणी घाटात तुझी वाट बघत बसलेला असतो."

त्या काळात टायरविषयी बाईंचा शब्द सोसायटीत शेवटचा. आमच्या सगळ्यांच्या गाड्या पुढच्या चाकांनी ओढल्या जाणाऱ्या. त्यामुळे पुढचे टायर आधी झिजत. रोज हिंजवडीच्या त्या गर्दीत ब्रेक मारत जायचं, म्हटल्यावर तर विचारूच नका. दोन-तीन वर्षांत पुढचे टायर पार गुळगुळीत गोटा होत, मागच्यांवर मात्र नक्षी चांगली शाबूत असे. मग प्रश्न यायचा. चारही टायर बदलायची कुणाची तयारी नसे. दोन नवे घेतले तर ते पुढे टाकायचे की मागे? आणि पुढचे झिजलेले मागे न्यायचे का?

बाईंचं उत्तर तयार असे. "नवे पुढे. जुने मागे. स्टिअरिंग पुढे, इंजिन पुढे, ब्रेकचा जोर पुढे. मागची चाकं म्हणजे वरातीतले पाहुणे. ती नुसती मागून येतात."

ते पटण्यासारखंच होतं. टायरवालाही तेच सांगायचा. सोसायटीतल्या सगळ्यांनी तसंच केलं, मीही केलं. प्राचीला तर बाई स्वतः दुकानात घेऊन गेल्या आणि समोर उभं राहून तिचे पुढचे झिजलेले टायर मागे टाकून घेतले. स्वतःच्या गाडीलाही त्यांनी तेच केलं होतं.

त्या वर्षी श्रावणात बाई आणि नाना नानांच्या बहिणीकडे वाईला निघाले. सकाळपासून बारीक पाऊस होता, रस्ता ओला. खंबाटकीच्या घाटात एका वळणावर समोर ट्रक दिसला म्हणून बाईंनी ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला. वेग फार नव्हता. पुढची चाकं त्यांनी वळवली तिकडे बरोबर वळली, पण गाडीचा मागचा भाग वळणाच्या बाहेर निघाला, आणि काय होतंय हे कळायच्या आत गाडी स्वतःभोवती फिरून रस्त्याकडेच्या गटारात एक चाक टाकून थांबली. मागून कुणी येत नव्हतं, म्हणून बचावले.

नानांनी डोळे उघडले. गाडीचं तोंड पुण्याकडे होतं. ते म्हणाले, "आपण परत निघालो का?"

हा किस्सा नाना रंगवून सांगत आणि सगळे हसत. त्याच्या पुढचं मात्र त्यांनी मला एकट्याला, आमच्या गॅलरीत चहा पिताना सांगितलं. बाई गाडीतून उतरल्या, मागे गेल्या, वाकून मागच्या दोन्ही टायरांवरून हात फिरवला आणि पावसातच रस्त्याच्या कठड्यावर बसून राहिल्या. नाना छत्री घेऊन जवळ गेले.

"आगटे," त्या म्हणाल्या, "तुम्हाला काही झालं असतं, तर ते मी केलेलं असतं."

"पाऊस होता गं," नाना म्हणाले.

"पाऊस सगळ्या गाड्यांवर पडत होता."

चार दिवसांनी बाई आमच्याकडे आल्या. एरवी दारातूनच बोलणाऱ्या बाई आत येऊन खुर्चीवर बसल्या.

"वानखडे, तुमच्या हिंजवडीत एखादा रिकामा डांबरी रस्ता आहे का? ज्याला वळण आहे आणि ज्याच्यावर माणूस नाही?"

"हिंजवडीत रिकामा रस्ता?" मी हसलो. त्या हसल्या नाहीत. मग मला बाळासाहेब आठवले. हे तिथले मूळचे शेतकरी. निम्मी जमीन कंपन्यांनी घेतली होती, उरलेल्यातल्या काही भागावर आमच्या कंपनीच्या बसेस भाड्यानं उभ्या राहत आणि मागच्या माळावर त्यांनी प्लॉट पाडून ठेवले होते. इमारती अजून व्हायच्या होत्या, पण रस्ते झाले होते. मी त्यांना विचारलं. ते म्हणाले, "या की. रस्ता काय झिजतोय व्हय."

शनिवारी आम्ही गेलो. त्या दिवशी नेमकं ऊन पडलं होतं, म्हणून बाईंनी पाण्याचा टँकर मागवला आणि वळणावर तो पूर्ण रिता करायला लावला. सोसायटीत आठवड्यातून दोनदा टँकरसाठी भांडणारा मी, ते पाणी डांबरावर जाताना नुसता बघत होतो. बाळासाहेब पांढरी टोपी सरळ करत म्हणाले, "बाई, डांबराला पानी घालून काय उगवनार हाय?"

"अक्कल," बाई म्हणाल्या. "माझी. उगवली तर."

त्यांनी गाडीत कुणालाही बसू दिलं नाही. नानांनाही नाही. पहिल्यांदा, झिजलेले टायर मागे होते तसेच ठेवून त्या वळणावर आल्या, स्टिअरिंग वळवलं आणि पाय उचलला. गाडीचा मागचा भाग सरकन बाहेर निघाला आणि गाडी भोवऱ्यासारखी फिरून आमच्याकडे तोंड करून उभी राहिली. आत बाई स्टिअरिंग घट्ट धरून बसलेल्या, चष्मा नाकावरून खाली आलेला. नाना पुढे धावले. बाईंनी हातानं थांबवलं, गाडी वळवली आणि परत गेल्या. पुन्हा तेच झालं. तिसऱ्यांदाही तेच.

मग आम्ही चाकं बदलली. झिजलेली पुढे, चांगली मागे. माझ्याबरोबर बाळासाहेबही बाह्या सारून जॅकपाशी बसले. बाई पुन्हा त्याच वेगानं आल्या. या वेळी स्टिअरिंग वळवलं तरी गाडी वळेना. ती सरळच बाहेरच्या बाजूला ओढली गेली. पण बाईंनी पाय उचलला, वेग कमी झाला आणि पुढच्या चाकांनी पुन्हा रस्ता धरल्यासारखी गाडी हळूहळू वळली. गिरकी नाही, काही नाही. असं त्यांनी बऱ्याच वेळा केलं. शेवटी आमच्याजवळ येऊन थांबल्या आणि उतरल्या.

"पुढची घसरली तर हाताला लगेच कळतं," त्या म्हणाल्या. "वेग कमी केला की गाडी परत आपलं ऐकते. मागची घसरली तर कळेपर्यंत आपण उलटे. तेव्हा काय करायचं ते मला येत नाही, आणि आपल्या पार्किंगमधल्या कुणालाच येत नाही."

बाळासाहेब म्हणाले, "आमच्या ट्रॉलीचं असंच हुतं की. ट्रॅक्टर नीट जातो, ट्रॉली आडवी येती."

"मग सकाळीच का नाही सांगितलंत?"

"तुमी इचारलं न्हाई. तुमी टँकर मागवला."

बाई त्या दिवसात पहिल्यांदा हसल्या.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. एखाद्यानं नोटीस बोर्डावर दोन ओळी लिहून विषय संपवला असता. बाई प्रत्येक जिना चढल्या. प्रत्येक दारात तेच बोलल्या, एक शब्द कमी-जास्त नाही. "मी तुम्हाला नवे टायर पुढे आणि झिजलेले मागे टाकायला सांगितलं होतं. ते चूक होतं. चांगले टायर मागे हवेत. झीज थोडी असतानाच पुढचे-मागचे बदलत राहिलात तर हरकत नाही, चारही सारखे झिजतील. पण गोटा झालेले मागे टाकू नका. उद्याच बदलून घ्या."

पुण्यात मत द्यायला लोक उत्सुक असतात. परत घ्यायला कुणी दारात येईल, याची कुणालाच सवय नव्हती. त्यामुळे बाईंपेक्षा समोरचाच अवघडून जाई. कुणी म्हणे, "जाऊ द्या हो, एवढं काय त्यात." कुणी बळेबळे चहाला बसवी. आमचे सेक्रेटरी जोगळेकर म्हणाले, "बाई, मी तेव्हाच म्हणणार होतो."

"म्हणणार होतात ना? मग पुढच्या वेळी म्हणा," बाई म्हणाल्या आणि पुढच्या दाराची बेल दाबली.

कर्वे रस्त्यावरच्या टायरवाल्याकडेही त्या गेल्या. तो ऐकेना. "बाई, पुढचा जुना टायर फुटला तर गाडी हातातून जाते. म्हणून गिऱ्हाईक नवे पुढेच मागतं." बाईंनी ते ऐकून घेतलं. "तुमची भीती खरी आहे," त्या म्हणाल्या. "म्हणून पुढचेही गोटा होईपर्यंत ठेवायचे नाहीत. पण पावसात मागे जुने टाकून कुणाला घाटात पाठवू नका. मी जाऊन आलेय."

आमच्याकडे आल्या तेव्हा स्मितानं त्यांना पाणी दिलं आणि विचारलं, "बाई, असं प्रत्येकाला सांगताना वाईट नाही वाटत?"

"वाटतं ना. पण त्यात त्यांच्या गाडीचा काय दोष?"

एकच दार राहिलं होतं, आणि ते सोसायटीत नव्हतं. प्राची साळवी काही महिन्यांपूर्वी वाकडला राहायला गेली होती. बाईंनी तिला फोन केले, उचलला नाही. निरोप टाकले, उत्तर नाही. तिच्या जुन्या मैत्रिणी वरच्या मजल्यावर होत्याच. त्या म्हणाल्या, तिचं प्रोजेक्ट संपत आलंय, ती कुणालाच उत्तर देत नाहीये. गणपती जवळ आले होते. शुक्रवारी सकाळी त्यांतलीच एक मुलगी जिन्यात बाईंना म्हणाली, "प्राचीचे आई-बाबा आलेत. आज ऑफिसातून लवकर निघून ती त्यांना घेऊन चिपळूणला चाललीय. गाडीनं. ताम्हिणीतून."

बाहेर पाऊस पडत होता.

मी ऑफिसात होतो. माझा फोन वाजला.

"वानखडे, साळवीच्या कंपनीला गेटं किती?"

"तीन, बाई. पण झालंय काय?"

बाईंनी सांगितलं. प्राचीच्या ऑफिसात फोन आत नेऊ देत नाहीत, बाहेर कपाटात ठेवावा लागतो, एवढं त्यांना कळलं होतं; तिच्या वाकडच्या घराचा पत्ता मात्र मैत्रिणींनाही नीट माहीत नव्हता. तिच्या कंपनीत त्यांनी फोन केला तर तिथल्या मुलीनं इंग्रजीत छान बोलून काहीच सांगितलं नव्हतं. "मी आणि आगटे निघालोय," त्या म्हणाल्या. "तुम्ही एका गेटावर उभे राहा."

मी साहेबांना काय कारण सांगितलं ते आता आठवत नाही. टायर असं सांगितलं नसणार. छत्री घेऊन मी पलीकडच्या रस्त्यावरच्या त्या कंपनीच्या एका गेटाशी जाऊन उभा राहिलो. दुसऱ्या गेटाशी नाना, पँट दुमडलेली, छत्री दोन्ही हातांनी धरलेली, आणि या खेपेला डोळे अगदी सताड उघडे. तिसरं गेट पार्किंगचं. तिथं बाई. बराच वेळ गेला. कंपनीच्या बसेस आमच्यावर चिखलाचं पाणी उडवत जात-येत होत्या. मग पार्किंगच्या गेटाकडून चढा आवाज ऐकू आला म्हणून मी तिकडे गेलो.

बाहेर पडणारी प्रत्येक गाडी आडव्या दांडीपाशी थांबे, आणि ती थांबली की बाई वाकून तिची मागची चाकं बघत. सुरक्षारक्षक वैतागला होता.

"मॅडम, तुम्ही नक्की काय शोधताय?"

"टायर."

"कुठला टायर?"

"माझ्या सांगण्यावरून लावलेला."

तो बिचारा माझ्याकडे बघायला लागला. मी काही बोलणार तेवढ्यात प्राचीची लाल गाडी दांडीपाशी आली. बाई सरळ तिच्या पुढ्यात जाऊन उभ्या राहिल्या. मागच्या गाड्यांचे हॉर्न सुरू झाले. प्राचीनं काच खाली केली. तिच्या शेजारी ऑफिसातला एक मुलगा बसला होता, तो घाबरून गेला.

"बाई? तुम्ही इथे? नाना ठीक आहेत ना?"

"आगटे ठीक आहेत. तुझे टायर ठीक नाहीत. मी तुला चुकीचं सांगितलं होतं. मागचे पुढे घ्यायचे, पुढचे मागे. घाटात जायच्या आधी."

"बाई, आई-बाबा घरी सामान बांधून बसलेत. अंधाराच्या आत घाट उतरायचाय. परत आल्यावर बघू ना. आणि मेसेज टाकायचा होता!"

"टाकला होता. तू तो चिपळूणला वाचला असतास."

हॉर्न वाढले. प्राचीचा चेहरा लाल झाला होता. मागच्या गाड्यांतून तिच्याच ऑफिसातली माणसं डोकावून बघत होती. ती काहीतरी तोडून बोलणार असं मला वाटलं. पण बाई खिडकीशी आल्या आणि एरवी कधी न ऐकलेल्या आवाजात म्हणाल्या, "साळवी, मी त्या टायरांवर गिरकी खाल्लीय. आगटे शेजारी होते. तुझ्या शेजारी तुझी आई बसणार आहे."

 मग प्राचीनं शेजारच्या मुलाला उतरायला सांगितलं आणि बाईंसाठी दार उघडलं. नाना आणि मी माझ्या गाडीनं मागोमाग निघालो.

वाकडला टायरच्या दुकानात कोकणात जाणाऱ्या गाड्यांची रांग होती. बाईंनी रांगेत थांबायचं नाकारलं. रस्त्याकडेला एका शेडखाली प्राचीच्या गाडीतला आणि माझ्या गाडीतला जॅक काढला आणि तिला म्हणाल्या, "चल, येतंय तुला." एका बाजूला प्राची, दुसऱ्या बाजूला नाना आणि मी. बाई ओल्या साडीचा पदर खोचून चाकं स्वतः ढकलत एका टोकाहून दुसऱ्या टोकाला नेत होत्या. पुढून निघालेल्या टायरांवरून त्यांनी बोटं फिरवली, नक्षी पुरेशी आहे असं बघितलं आणि ते मागे बसवले. मागून निघालेले अगदीच गेलेले नव्हते. "पुढे चालतील, पण हळू जा आणि आल्याबरोबर बदल," असं बजावलं. शेवटचा नट प्राचीनं आवळला. हात काळे झाले होते. ते तिनं तसेच बाईंच्या गळ्यात टाकले. बाई म्हणाल्या, "बास. साडी पांढरी आहे."

दुसऱ्या दिवशी प्राचीचा फोन आला तेव्हा मी आगट्यांच्या घरी होतो. ती चिपळूणला सुखरूप पोचली होती. घाटात धो धो पाऊस होता, पण काहीच झालं नव्हतं.

"काहीच नाही ना?" बाईंनी विचारलं.

"काहीच नाही हो बाई. उगाच एवढा त्रास घेतलात तुम्ही."

"छान," बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला. मग त्या खिडकीशी गेल्या. नानांनी उठून रेडिओ बंद केला आणि चहाचं आधण ठेवलं.

पुढे आठ-दहा वर्षं त्या तशाच राहिल्या. गाड्या वाढत गेल्या, बाईंची सकाळची फेरी लांबत गेली. नवे लोक आले, त्यांतल्या काहींना ही बाई आगाऊ वाटे. एकानं तर तोंडावर सांगितलं की माझी गाडी कंपनीच्या गॅरेजमध्ये जाते, तुम्ही हात लावू नका. बाईंनी हात लावणं बंद केलं. मात्र रोज त्या गाडीजवळून जाताना त्या क्षणभर थांबत आणि चाकाकडे बघत. शेवटी त्यानंच एक दिवस विचारलं, "काय झालंय?"

मग एका सकाळी त्यांनी मला खाली बोलावलं आणि पार्किंगच्या दुसऱ्या टोकाला नेऊन एका गाडीमागे उभं केलं. "नंबर बघून ठेवा," त्या म्हणाल्या. "मी वाचते, चुकले तर सांगा." त्या लांबून नंबर वाचायला लागल्या. पहिला चुकला. दुसरी गाडी, दुसरा नंबर. तोही चुकला. मी म्हणालो, "बाई, इथे उजेड कमी आहे." त्यांनी मला उन्हातल्या गाडीपाशी नेलं. तिथंही जमलं नाही. डॉक्टरांनी आधी सांगितलंच होतं की डोळ्यांचा मागचा पडदा खराब होतोय. पण बाईंना ते स्वतः बघायचं होतं. त्याच आठवड्यात त्यांनी गाडी पुतण्याला देऊन टाकली. किल्ली देताना त्यांनी त्याला काय सांगितलं असेल, ते मी न ऐकताही सांगू शकतो.

त्यानंतर आम्ही बाणेरला राहायला गेलो. जाणं-येणं कमी झालं.

मध्ये एकदा दुपारी कर्वे रस्त्यावर सिग्नलला थांबलो होतो. माझ्या पुढे डावीकडे एक रिक्षा होती. तिच्यात बाई बसलेल्या दिसल्या. केस पूर्ण पांढरे, काळा चष्मा, मांडीवर भाजीची पिशवी. शेजारी नाना. मी काच खाली करून हाक मारली, पण तिथल्या आवाजात त्यांना ऐकू गेली नाही. सिग्नल सुटला. रिक्षाला डावीकडच्या गल्लीत वळायचं होतं आणि रिक्षावाल्याला इशारा द्यायची गरज वाटत नव्हती. तेवढ्यात डाव्या बाजूनं बाईंचा हात बाहेर आला. खांद्यापासून सरळ, पंजा उघडा, परवान्याच्या परीक्षेत दाखवतात तसा. मागून जोरात येणाऱ्या मोटारसायकलवाल्यानं तो बघून ब्रेक दाबला. रिक्षा वळली. ती पूर्ण वळेपर्यंत तो हात तसाच बाहेर होता.